देशी कुमुद लावताना: गच्चीवरच्या टबापासून गावतळ्यापर्यंत

कुमुदाचं, म्हणजे वॉटर लिलीचं, तरंगतं पान हलक्या हाताने उलटं करून पाहा. वरून ते मेणचट, कोरडं, स्वच्छ दिसतं. खाली मात्र वस्ती असते: गोगलगायीच्या अंड्यांचे जेलीसारखे पारदर्शक पुंजके, टाचणी या चतुरासारख्या कीटकाच्या मादीने अंडी घालायला पाडलेल्या बारीक चिरा, चिकटून बसलेलं शेवाळ आणि ते खरवडून खाणारे इवले जीव. गच्चीवरच्या टबात मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि त्यानंतर फुलं मोजायचं सोडून दिलं. बहुतेक जण कुमुद फुलासाठी लावतात. फूल सुंदरच असतं, पण पाण्यात खरं काम करतं ते पान. एवढं लक्षात ठेवलं की टब केवढा घ्यायचा, माती कोणती, खत किती, मासे कोणते, या प्रश्नांची उत्तरं आपोआप बदलतात.

कमळ, कुमुद आणि कुमुदिनी

नर्सरीत तिन्हींना सर्रास ‘कमळ’ म्हणतात, म्हणून आधी ओळख पक्की करू. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ पानाच्या मधोमध जोडलेला असतो आणि जून पानं पाण्याच्या वर छत्रीसारखी उभी राहतात. कुमुदाच्या पानाला कडेपासून देठापर्यंत एक फट असते आणि ते पाण्यावर पसरून तरंगतं. दिसायला सारखी असली तरी ही दोन्ही झाडं एकमेकांची जवळची नातेवाईकही नाहीत. उपासाला आपण जे मखाणे खातो त्यांना पुष्कळ जण कमळाच्या बिया समजतात. प्रत्यक्षात मखाणा कुमुदाच्या कुळातला आहे. कमळाच्या बिया म्हणजे कमलगट्टा, आणि भाजीची कमळकाकडीही कमळाचीच.

तिसरी कुमुदिनी. कास पठारावरच्या कुमुदिनी तळ्यात पांढरी, झालरदार, नाजूक फुलं फुलतात ती हिची. पान कुमुदासारखंच, पण छोटं. हिचं कुळ तिसरंच.

आपल्याकडच्या पाणवठ्यांत कुमुदाच्या मुख्यतः तीन जाती भेटतात. निम्फिया नौचाली दिवसा फुलते. तिची फुलं निळसर, जांभळट किंवा पांढरी असतात. हीच श्रीलंकेचं राष्ट्रीय फूल ‘नील मानेल’ आहे आणि तिचं पांढरं रूप बांगलादेशात ‘शापला’ म्हणून राष्ट्रीय फूल आहे. निम्फिया प्युबेसेन्स रात्री फुलते. पांढरी किंवा गुलाबी फुलं, पानाच्या कडेला ठळक दाते आणि पानाखाली लव. बोट फिरवलं की ओळख पटते. निम्फिया रुब्राही रात्रीचीच, गडद लाल. चंद्र पाहून कुमुद फुलतं असं कवी म्हणतात ते या रात्रफुल्या जातींना पाहून. अमावास्येलाही त्या तितक्याच निष्ठेने उमलतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढलं की मिटतात.

बाजारात मिळणारी बहुतेक रोपं संकरित असतात. मी एकदा ‘देशी निळं’ म्हणून आणलेल्या रोपाच्या जून पानांवर, देठ जिथे जोडलेला असतो तिथे, नवी रोपं फुटू लागली. हे लक्षण निम्फिया मायक्रान्था या आफ्रिकी जातीचं आणि तिच्या संकरांचं आहे. टबात असं रोप लावायला काही हरकत नाही. नैसर्गिक तळ्यात मात्र ते कधीही सोडू नये, कारण पान तुटून वाहत गेलं की नवं झाड तिथे रुजतं. देशी रोप हवं असेल तर जवळच्या तळ्यातलं अख्खं झाड उपटू नका. मासेमारी करणाऱ्यांकडे किंवा शेततळं असलेल्या शेतकऱ्याकडे विचारा. पिकलेलं एक फळ किंवा एक छोटा कंद पुरतो.

पान पाण्यात काय करतं

कुमुदाची श्वासरंध्रं पानाच्या वरच्या बाजूला असतात, कारण हवा तिथेच आहे. मुळं मात्र प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात रुतलेली असतात. ही अडचण या वनस्पती कशी सोडवतात, हे कुमुदाच्याच कुळातल्या पिवळ्या फुलाच्या न्युफार या झाडावर संशोधक जॉन डेसी यांनी 1980 साली दाखवलं. उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांत हवेचा दाब वाढतो, ती हवा देठातल्या पोकळ नळ्यांतून खाली कंदात जाते आणि जुन्या पानांच्या देठांतून परत वर येऊन बाहेर पडते. एका पानातून दिवसाला 22 लिटरपर्यंत हवा अशी खाली जाऊ शकते. म्हणून कुमुदाचे देठ पाण्याखाली कापायचे नसतात, आणि सगळी जुनी पानं एकदम काढायची नसतात. ती त्या झाडाची धुराडी आहेत.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कुमुद पाण्यात प्राणवायू सोडतं, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. पानाने तयार केलेला बराचसा प्राणवायू वरच्या हवेत जातो. पाण्याला त्याचा फायदा वेगळ्या वाटेने होतो. सावलीमुळे पाणी कमी तापतं, हिरवं करणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला ऊन मिळत नाही, मुळं गाळ धरून ठेवतात आणि त्यातली पोषकद्रव्यं ओढून घेतात. पाण्यात प्राणवायू विरघळवण्याचं काम बुडालेल्या वनस्पती करतात, म्हणून कुमुदाला त्यांची जोड लागते. आणि कुमुदाने सगळा पृष्ठभाग झाकला, तर खालच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही, हवा पाण्यात नीट मिसळत नाही आणि मासे गुदमरतात. टब असो वा तळं, साधारण अर्धा पृष्ठभाग पानांचा आणि अर्धा उघडा, हा हिशेब मी कधी मोडत नाही.

पानावर जगणाऱ्यांत सर्वांत देखणा कमळपक्षी. लांब बोटांमुळे त्याचं वजन विभागलं जातं आणि तो पानांवरून चालत जातो. घरटं तरंगत्या वनस्पतींवरच. मादी एका हंगामात अनेक नरांशी जोड्या जमवते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो. तळ्यातली पानं गेली की त्याची जमीनच जाते. टिबुकल्या पानांच्या आडोशाला घरटी बांधतात, वंचक त्यांच्या कडेला तासन्‌तास थांबतो, आणि चतुर-टाचण्यांच्या पाण्यातल्या पिल्लांना देठांचा आधार लागतो. ही पिल्लं डासांच्या अळ्या खातात.

फुलाचंही एक गुपित आहे. ते तीन-चार दिवस उघडतं आणि मिटतं. पहिल्या दिवशी ते मादी असतं: मधल्या वाटीत द्रव भरलेला असतो, माशी-भुंगा त्यात पडतो आणि अंगावरचे परागकण तिथे धुतले जातात. कधी कधी तो कीटक बुडूनही मरतो. पुढच्या दिवसांत वाटी झाकली जाते आणि फूल पराग देऊ लागतं. मग देठ आखडून फळ पाण्याखाली ओढलं जातं आणि तिथेच पिकतं.

भांडं आणि जागा

दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. याला पर्याय नाही. उत्तरेच्या गॅलरीत पानं येतील, फुलं येणार नाहीत.

भांडं खोलीपेक्षा रुंदीला मोठं घ्या. दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल टब ही किमान गरज. तीन फूट रुंदी असेल तर पानांना पसरायला जागा मिळते. गुरांसाठीची सिमेंटची गव्हाण, जुनी पाचशे लिटरची टाकी अर्धी कापून, काळे प्लास्टिकचे टब, सगळं चालतं. नवं सिमेंट असेल तर आठवडाभर पाणी भरून ठेवा आणि बदला. असं दोन-तीनदा करा, नाहीतर चुन्यामुळे मासे मरतात. गच्चीवर ठेवताना वजन मोजा: दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, वर माती. टब भिंतीलगत किंवा तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. जुन्या इमारतीत आधी जाणकाराला विचारा.

कारंजं लावू नका. पानांवर सतत पाणी पडलं तर वरची रंध्रं भिजत राहतात आणि पानं सडतात. कुमुद स्थिर पाण्याचं झाड आहे.

माती आणि लावणी

झाड टबाच्या तळाशी मातीत थेट न लावता वेगळ्या कुंडीत लावा आणि कुंडी टबात ठेवा. खत घालणं, कंद वेगळे करणं, टब धुणं सोपं जातं. मला सर्वांत आवडलेली कुंडी म्हणजे बांधकामावरचं प्लास्टिकचं घमेलं: रुंद, उथळ, बिनभोकाचं, स्वस्त.

माती जड हवी. तळ्याचा गाळ किंवा शेतातला पोयटा उत्तम, कोकणात भातखाचरातली माती. देशावरची काळी माती एकटी वापरली तर फार चिकट होते, तिच्यात तिसरा हिस्सा लाल माती मिसळा. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत, गांडूळखत यातलं काहीही नको. ते तरंगतं, कुजतं आणि पाणी काळं करतं. घमेल्याच्या तळाशी दोन मुठी पूर्ण कुजलेलं, वाळलेलं शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा, त्यावर चार बोटं माती, मग रोप, मग पुन्हा माती, आणि सगळ्यात वर दोन-तीन सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू. वाळू नसली तर मासे माती उकरतात.

कंद असेल तर कोंब वर ठेवून लावा, कोंबाचं टोक मातीबाहेर दिसलं पाहिजे. टोक पुरलं की झाड कुजतं. नवशिक्याची बहुतेक रोपं याच कारणाने जातात. उष्ण प्रदेशातल्या कुमुदाला ऊब हवी, पाणी 22 अंशांच्या खाली असेल तर कंद नुसता पडून राहतो. म्हणून पुणे, नाशिक, विदर्भात फेब्रुवारीच्या शेवटापासून लावणी करा. कोकणात जवळजवळ कधीही चालतं, पण मुसळधार पावसाचे पहिले काही आठवडे टाळा.

सुरुवातीला कोंबावर चार बोटं पाणी पुरे. त्यासाठी घमेलं विटांवर ठेवा. पानं पृष्ठभागावर आली की एक-एक वीट काढत खाली न्या. शेवटी मातीवर पंधरा ते तीस सेंटिमीटर पाणी राहील असं बघा. एकदम खोल टाकलेलं रोप वर यायच्या प्रयत्नात थकतं.

नळाचं पाणी भरल्यावर दोन दिवस तसंच ठेवा, क्लोरीन उडून जातं. बोअरचं जड पाणी असेल तर शक्य तेवढं पावसाचं पाणी मिसळा.

हिरवं पाणी आणि डास

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाणी हिरवंगार होतं आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. टब उपसून पुन्हा भरला की नव्या पाण्याबरोबर तोच खेळ पहिल्यापासून सुरू होतो. उपसू नका. पानांनी निम्मा टब झाकला की पाणी आपोआप निवळतं. तोवर एका छोट्या कुंडीत हायड्रिला किंवा व्हॅलिस्नेरिया ही पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती लावून सोडा. मातीशिवाय तरंगणारं सेराटोफायलमही चालतं. ही तिन्ही आपल्याकडच्या तळ्यांतली आहेत. तंतूसारखं लांब शेवाळ आलं तर काठीला गुंडाळून काढा.

लावणीनंतर दहा-पंधरा दिवसांनी मासे सोडा, दोनशे लिटरला चार-पाच छोटे मासे पुरतात. डोक्यावर चमकता ठिपका असलेले देशी पंचॅक्स पृष्ठभागाजवळच राहतात आणि डासांच्या अळ्या टिपतात. ते मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतात. गप्पी बंद टबात ठेवता येतील, पण टब रिकामा करताना ते ओढ्यात किंवा नाल्यात ओतू नका. गप्पी आणि गॅम्बुसिया हे परदेशी मासे बेडकांची आणि देशी माशांची पिल्लं खातात. मासे नको असतील तर डासांच्या अळ्यांवर चालणारं बीटीआय हे जिवाणूजन्य औषध मिळतं, त्याने बाकीच्या बहुतेक जीवांना त्रास होत नाही.

खत, कीड आणि वर्षाचा क्रम

मार्च ते ऑक्टोबर दर महिन्याला खत. 10:26:26 (नत्र, स्फुरद, पालाश) या रासायनिक खताचा एक चमचा वर्तमानपत्राच्या तुकड्यात घट्ट गुंडाळा आणि बोटाने मातीत चार इंच खोल दाबून वर माती बंद करा. खत पाण्यात सुटलं की त्याचा फायदा शेवाळ घेतं. पानं लहान आणि पिवळट, फुलं थांबलेली, तर झाड भुकेलेलं आहे. फक्त एखादं-दुसरं पान पिवळं पडत असेल तर ते वयाने, कारण एक पान काही आठवडेच टिकतं. पूर्ण पिवळं झालेलं पान देठासकट कंदाजवळून ओढून काढा, हिरवं असेपर्यंत राहू द्या.

कळ्यांवर आणि पानांवर काळा मावा बसतो. पाइपच्या धारेने तो पाण्यात पाडा, मासे खातात. पानाचे गोल तुकडे कापून दोन तुकड्यांच्या मध्ये लपणारी अळी दिसली तर तो तुकडा उचलून टाका. कीटकनाशक फवारू नका. तेलकट फवारा तर अजिबात नको, तो पाण्यावर पसरतो, आणि टबातलं सगळं जीवन पाण्याच्या त्या वरच्या थराशी बांधलेलं असतं.

एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी उडतं, एक दिवसाआड कडेने भर घाला. डिसेंबर-जानेवारीत देशावर झाड आक्रसतं. ते मेलं असं समजून कंद फेकू नका. खत थांबवा, पाणी राहू द्या. दर दीड-दोन वर्षांनी फेब्रुवारीत घमेलं बाहेर काढून कंद वेगळे करा आणि माती बदला.

गावतळ्यात लावायचं असेल तर

इथे घाई करू नये. आधी एक पूर्ण वर्ष तळं बघा: कुठे काय उगवतं, पाणी कुठवर उतरतं, गुरं कुठून येतात, मासे कोण धरतं. कातळसड्यांवरच्या पावसाळी डबक्यांत तर काहीही लावू नका. तिथल्या वनस्पती इतक्या खास असतात की कुमुदाच्या पानांची सावलीसुद्धा त्यांना मारक ठरते. साताऱ्याच्या पठारावरची वायतुरा ही पाणवनस्पती जगात दुसरीकडे फारसा कुठे उगवत नाही.

जिथे कुमुद पूर्वी होतं आणि गेलं, अशी तळी निवडा. वयस्क माणसांना विचारा, ते नेमका कोपरा दाखवतात. मग ते का गेलं ते शोधा. उत्तर सहसा या चारांपैकी असतं.

एक, मासे. गवत्या मासा पानं आणि कोवळे कोंब फस्त करतो, सायप्रिनस (कॉमन कार्प) गाळ उकरून कंद उपटतो. ठेक्याने हे मासे सोडलेल्या तळ्यात कितीही कंद लावा, टिकणार नाहीत. मच्छीमार संस्थेशी आधी बोलावं लागतं.

दोन, गाळ काढणं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ सारख्या योजनांत यंत्राने तळ सरसकट खरवडला की कंद आणि बियांचा साठा ट्रॉलीतून शेतात जातो. काम सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीला सांगून एक उथळ कोपरा न खणता राखून ठेवा, तिथूनच वनस्पती पुन्हा पसरतात.

तीन, काठ. सुशोभीकरणात उतरता काठ जाऊन उभी दगडी भिंत आली की अर्धा ते दीड मीटर खोलीचा पट्टाच उरत नाही. कुमुदाचं घर तो पट्टा असतो.

चार, सांडपाणी. ते आलं की जलपर्णी येते, दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि वरून सगळं झाकते. आधी नाला वळवा, जलपर्णी फुलायच्या आत हाताने काढा, मग लावणीचा विचार करा.

भंडारा-गोंदिया जिल्ह्यांतल्या मालगुजारी तलावांवर या कामाचा चांगला धडा मिळतो. ते तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले, आणि धीवर समाज त्यांवर मासेमारी करत आला. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी धीवरांच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधाराने तिथे काम केलं. बेशरम हे माजलेलं परदेशी झुडूप काढलं, तळ तयार केला आणि बुडालेल्या, तरंगत्या, काठावरच्या अशा देशी वनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे परतावेत म्हणून त्यांचं खाद्य आणि आडोसा आधी परत आणायचा, असा तो क्रम आहे. कुमुद एकटं लावून तळं सुधारत नाही, हे मी त्या कामावरून शिकलो.

लावणी मेअखेरीस, पाणी सर्वांत कमी असताना. कंद चिखलाच्या गोळ्यात घालून गोणपाटाच्या तुकड्यात बांधा, आत एक दगड ठेवा आणि पुढे कमरेएवढं पाणी येईल अशा जागी ओल्या गाळात रोवा. बारा-पंधरा कंद एका ठिकाणी, एकमेकांपासून दोन हातांवर. गुरांच्या वाटेपासून आणि विसर्जनाच्या घाटापासून दूर. पहिलं वर्ष बांबूचं साधं कुंपण करा. पुढे पानं निम्म्याहून जास्त पसरू लागली तर दिवाळीनंतर मधले पट्टे मोकळे करा. कमळपक्ष्याची वीण पावसाळ्यात असते, त्या काळात पानांना हात लावू नका.

बिया गोळा करायच्या तर पावसाळा सरताना पाण्याखालचं, बोंडासारखं फुगलेलं हिरवं फळ शोधा आणि त्यावर मलमलची पिशवी बांधा. फळ पिकून फुटलं की बिया एका फुगीर आवरणामुळे थोडा वेळ तरंगतात, वाऱ्याने पसरतात आणि मग बुडतात. पिशवी नसेल तर त्या हाती लागत नाहीत. बिया वाळवू नका. पाण्याच्या बाटलीत ठेवा, बाटलीवर तळ्याचं नाव आणि महिना लिहा, आणि फेब्रुवारीत उथळ ताटलीत मातीवर पसरून वर दोन बोटं पाणी ठेवा. पहिली पानं बारीक आणि पाण्याखालीच असतात. तरंगणारं पहिलं पान आलं की रोप घमेल्यात हलवा.